सोडलेला डावा हात

परवा भाचा फोनवर ग्रँड स्लॅम, म्हणजे टेनिसच्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांच्या, विजेत्यांची यादी वरखाली करत बसला होता. टेनिसचं वेड त्याला नव्यानेच लागलंय, आणि नव्या वेडात असते तशी आकड्यांची भूकही आहे. कोणाची किती जेतेपदं, कोणी कोणाला कितीदा हरवलं, सगळं तोंडपाठ. फेडरर, नदाल, नदाल, जोकोविच, पुन्हा फेडरर असं पुटपुटत खाली येताना त्याचं बोट एका ओळीवर अडलं. "मावशी, २००९ची यूएस ओपन. हा डेल पोत्रो कोण गं? वर नाही, खाली नाही, एकदाच दिसतो." आणि माझ्या उत्तराची वाट न बघता त्यानेच निकाल लावून टाकला, "लॉटरी लागली असणार एकदा." बोट पुढे सरकलं. मी काहीतरी बोलले, पण तोवर तो पुढच्या दशकात पोचला होता. त्याचा दोष काहीच नाही. यादीत प्रत्येकाला एकच ओळ मिळते, सगळ्यांना सारख्याच जाडीची. पण ते "एकदाच" मला दिवसभर टोचत राहिलं.

खरं म्हणजे तीच यादी जरा सावकाश वाचली तर वेगळंच काही सांगते. २००५च्या फ्रेंच ओपनपासून २०१२च्या विम्बल्डनपर्यंत ३० ग्रँड स्लॅम स्पर्धा झाल्या. त्यातल्या २९ तिघांनी वाटून घेतल्या. सात वर्षं बाकी सगळ्या जगाच्या वाट्याला एकच स्पर्धा आली, आणि ती हुआन मार्टिन डेल पोत्रो नावाच्या, एकविसावा वाढदिवस अजून काही दिवसांवर असलेल्या अर्जेंटिनाच्या मुलाने घेतली. उपांत्य फेरीत नदालला ६-२, ६-२, ६-२ असं झोडपून आणि अंतिम फेरीत फेडररला पाच सेटमध्ये हरवून. फेडरर तोवर त्या स्पर्धेत सलग पाच वर्षं विजेता होता, सलग ४० सामने जिंकून कोर्टवर उतरला होता. ग्रँड स्लॅमच्या अंतिम सामन्यात त्याला नदालखेरीज कोणी हरवल्याचं तोपर्यंत घडलंच नव्हतं. ही लॉटरी असेल तर तिचं तिकीट फार महाग होतं.

तो सामना मी मध्यरात्र उलटून गेल्यावर बघितला होता, आवाज अगदी बारीक करून. पहिला सेट फेडररचा. दुसऱ्यात तो सेटसाठी सर्व्हिस करत होता, आणि मला वाटलं होतं की आता झोपायला हरकत नाही. मग डेल्पोचे, म्हणजे या डेल पोत्रोचे, फोरहँड (रॅकेट धरलेल्या हाताच्या बाजूचे फटके) लागायला लागले. इतरांचे फोरहँड फिरकी घेऊन वर उसळतात, याचा सपाट यायचा, जाळीच्या वरून जेमतेम जाऊन सरळ बेसलाइनपर्यंत. बारीक केलेल्या आवाजातही त्या फटक्याचा आवाज वेगळा कळायचा, रिकाम्या घरात दार आपटावं तसा. त्यानंतर प्रेक्षकांत क्षणभर काहीच नाही, आणि मग एकदम गलका. फेडररसारखा माणूस जागच्या जागी उभा राहून चेंडू जाताना बघतोय, हे दृश्य तेव्हा फारसं कोणाच्या ओळखीचं नव्हतं. दुसरा आणि चौथा सेट टायब्रेकरमध्ये गेला, दोन्ही डेल्पोचे. पाचवा ६-२. शेवटचा चेंडू बाहेर गेला तसा हा साडेसहा फुटांचा मुलगा पाठीवर पडला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून तसाच पडून राहिला. नंतर करंडक हातात घेऊन तो म्हणाला की या आठवड्यात माझी दोन स्वप्नं होती, एक ही स्पर्धा जिंकायचं आणि दुसरं रॉजरसारखं व्हायचं. त्यातलं एक पूर्ण झालं.

दुसरं राहिलं. त्याची गोष्ट मला त्या यादीतल्या ओळीपेक्षा फार मोठी वाटते.

तांदिल हे त्याचं गाव ब्यूनोस आयरेस प्रांतातलं, टेकड्यांच्या कुशीतलं. वस्ती लाख-दीड लाखाच्या आसपास. एवढ्याशा गावातून मारियानो साबालेता, हुआन मोनाको, माक्सिमो गोन्सालेस असे एकामागून एक व्यावसायिक टेनिसपटू निघाले, बरेचसे एकाच क्लबच्या कोर्टवर, मार्सेलो गोमेस नावाच्या एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली. पण गाव त्याआधीही प्रसिद्ध होतं, एका दगडामुळे. तिथल्या एका टेकडीच्या अगदी कडेवर सुमारे ३०० टनांचा एक प्रचंड दगड नुसता टेकलेला होता. तो हलायचा, पण पडायचा नाही. लोक त्याच्याखाली बाटल्या ठेवायचे आणि दगड झुलला की त्या कशा फुटतात ते बघायचे. १९१२ साली एक दिवस तो कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. २००७ मध्ये गावाने त्याच जागी हुबेहूब तसाच दगड बनवून बसवला. तो पक्का जखडलेला आहे, हलत नाही. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा डेल्पोच्या पहिल्या मोठ्या पुनरागमनाचे दिवस होते. सगळीकडे "जुना डेल्पो परत आलाय का?" हाच प्रश्न विचारला जात होता, आणि माझ्या मनात त्या दोन गोष्टी कायमच्या एकमेकींत अडकल्या. पडलेल्याच्या जागी पुन्हा तसंच काहीतरी उभं राहावं असं लोकांना किती मनापासून वाटतं!

वडील जनावरांचे डॉक्टर, तरुणपणी रग्बी खेळलेले. आई शिक्षिका. मुलाची उंची १९८ सेंटिमीटर झाली, आणि मातीच्या कोर्टवर वाढलेल्या देशात हा मातीपेक्षा सिमेंटवर जास्त शोभेल असा सपाट, जोरकस खेळ घेऊन आला. २००८च्या उन्हाळ्यात त्याने सलग चार स्पर्धा जिंकल्या, श्टुटगार्ट, किट्झबुहेल, लॉस एंजेलिस, वॉशिंग्टन. पुढच्याच वर्षी यूएस ओपन. जानेवारी २०१० मध्ये जागतिक क्रमवारीत चौथा. आणि मे महिन्यात उजव्या मनगटाची शस्त्रक्रिया.

टेनिसची क्रमवारी हा मोठा निर्दय हिशोब आहे. मिळवलेले गुण बावन्न आठवडे टिकतात, मग गळून पडतात. तुम्ही ते पुन्हा मिळवले तर ठीक, नाहीतर तुमच्या जागी दुसरा. तुम्ही हॉस्पिटलमध्ये आहात, तुमच्या मनगटाला टाके आहेत, याची दखल ती आठवडी यादी घेत नाही. सांघिक खेळात जखमी खेळाडूचा करार निदान चालू असतो, कोणी त्याच्या जागी उतरतं, संघ जिंकला की पदक त्याच्याही गळ्यात पडतं. इथे एकट्याने खेळायचं आणि एकट्यानेच न खेळायचं. यूएस ओपन जिंकून दीड वर्ष व्हायच्या आत डेल्पो चारशेच्याही खाली घसरला होता. तिथून त्याने पुन्हा चढायला सुरुवात केली, आणि २०१२ पर्यंत इतका वर आला की लंडन ऑलिम्पिकच्या उपांत्य फेरीत विम्बल्डनच्या गवतावर त्याने फेडररला तिसऱ्या सेटमध्ये १९-१७पर्यंत ताणलं. हरला. दोन दिवसांनी जोकोविचला हरवून कांस्य घेतलं. २०१३ मध्ये विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत जोकोविचशी पावणेपाच तास. तोही हरला. ही त्याची सगळ्यात सुदृढ वर्षं असावीत, आणि त्या वर्षांत त्याच्या पराभवांचीच आठवण लोक जास्त काढतात, याचं मला नेहमी नवल वाटत आलंय.

मग डावं मनगट गेलं.

इथे जरा थांबायला हवं, कारण माझ्या लेखी त्याच्या कारकिर्दीचं मर्म इथे आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्याचं डावं मनगट दुखलं तर एवढं काय, असं बाहेरून वाटतं. पण दोन हातांच्या बॅकहँडमध्ये, म्हणजे फोरहँडच्या उलट बाजूच्या फटक्यात, खरं काम डावा हात करतो. उजवा हात मुठीच्या तळाशी आधाराला असतो. रॅकेटला पुढे ढकलणारा, चेंडूवर चढवणारा, शेवटच्या क्षणी मनगट वळवून दिशा देणारा हात डावा. म्हणजे उजवा खेळाडू बॅकहँड मारताना जवळपास डावखुरा होऊन फोरहँड मारत असतो. समोरून ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपासची सर्व्हिस येते, तिचा सगळा धक्का त्या मनगटातल्या दोरीएवढ्या जाडीच्या स्नायुबंधांनी सोसायचा. मार्च २०१४ मध्ये पहिली शस्त्रक्रिया झाली. मग जानेवारी २०१५. मग जून २०१५. एकाच मनगटावर तीन. खेळ सोडून द्यावा असं त्या काळात त्याच्या मनात अनेकदा येऊन गेलं, हे त्याने नंतर स्वतः सांगितलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये तो डेलरे बीचला परत कोर्टवर आला तेव्हा त्याचा क्रमांक हजाराच्याही पलीकडे होता.

आणि त्याच्याकडे बॅकहँड नव्हता.

म्हणजे होता, पण वेगळा. चेंडू डाव्या बाजूला आला की तो खांदा वळवायचा, डाव्या हाताने रॅकेटचा गळा पकडून ती मागे न्यायचा, इथपर्यंत सगळं जुन्यासारखं. आणि मग डावा हात सोडून द्यायचा. उजव्या एकट्या हाताने वरून खाली चेंडू कापायचा. स्लाइस. चेंडू संथ, खाली राहणारा, समोरच्याच्या कोर्टवर पडून घसरत जाणारा. पूर्वी जिथून तो घणाघात करायचा तिथून आता नुसता वेळ विकत घेतला जात होता. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ते बघवेना. इतक्या मोठ्या देहाच्या माणसाने इतका भित्रा फटका मारावा, असंच वाटलं. काही सामने बघितल्यावर हळूहळू लक्षात आलं की तो त्या स्लाइसभोवती अख्खा नवा खेळ उभा करतोय.

तो कोर्टवर उभा कुठे राहतो ते बघावं. मधल्या खुणेच्या बराच डावीकडे, जवळपास बॅकहँडच्या कोपऱ्यात. कारण प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला एकच गोष्ट सांगून पाठवलेलं असायचं: चेंडू त्याच्या डाव्या हातावर टाक, पुन्हा टाक, पुन्हा टाक. हा तिथे उभा राहून कापत राहायचा. एक, दोन, पाच, आठ. उजवी बाजू सगळी उघडी, ओसाड. समोरच्याला ती दिसत असते. किती वेळ मोह आवरणार? शेवटी तो तिकडे चेंडू टाकतोच, आणि मग हा उंच माणूस चार ढांगांत तिथे पोचून धावता धावता तो फोरहँड मारतो. २००९चाच फोरहँड. तो कोणत्याही शस्त्रक्रियेत गेला नव्हता. पूर्वी तो फोरहँड दुसऱ्या-तिसऱ्या फटक्याला यायचा, आता त्याच्यासाठी थांबावं लागायचं. विशी-एकविशीतल्या डेल्पोकडे हा संयम असता का, मला शंका आहे. तेव्हा त्याला गरजच नव्हती. अनेक जाणकार म्हणायचे की त्याचा खेळ अर्धा झाला. मला तो दुप्पट विचारी झालेला दिसत होता. अर्थात, माझं प्रेम माझ्या निरीक्षणात मिसळलेलं असणार, हे मान्य.

२०१६चा ऑगस्ट. रिओ ऑलिम्पिक. क्रमवारीत १४१वा असलेल्या डेल्पोची पहिल्याच फेरीत गाठ पडली अव्वल क्रमांकाच्या जोकोविचशी. त्या दिवशी सामन्याआधी क्रीडाग्रामात लिफ्टमध्ये तो चाळीस मिनिटं एकटा अडकला होता. बाहेर पडला, कोर्टवर गेला आणि ७-६, ७-६ने जिंकला. जाळीपाशी दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. जोकोविच प्रेक्षकांना हात करत बाहेर जातानाही रडत होता. पुढे उपांत्य फेरीत नदाल, तीन तासांहून जास्त, तिसऱ्या सेटच्या टायब्रेकरपर्यंत. अंतिम सामन्यात अँडी मरेने त्याचा तो डावा कोपरा चार तास अक्षरशः कुरतडला. चौथ्या सेटपर्यंत डेल्पोचे पाय उचलत नव्हते. दोन रॅलींच्या मध्ये जाळीवर डोकं टेकून तो उभा राहायचा. रौप्य मिळालं. शेवटी दोघं जाळीच्या दोन बाजूंनी एकमेकांना धरून इतका वेळ उभे होते की कोण कोणाला सावरतंय ते कळत नव्हतं.

पुढच्याच महिन्यात यूएस ओपन. क्रमवारी एवढी खाली की वाइल्ड कार्ड, म्हणजे आयोजकांचा खास प्रवेश, देऊन आत घ्यावं लागलं. उपांत्यपूर्व फेरीत समोर स्टॅन वावरिंका, न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्र उलटून गेलेली. चौथ्या सेटमध्ये डेल्पो २-५ने मागे, सामना हातातून गेलेला. आणि पुढचा गेम सुरू व्हायच्या आधी सगळं स्टेडियम उभं राहिलं. ओले, ओले, ओले, डेल्पो, डेल्पो. टाळ्या थांबेनात. तो सर्व्हिससाठी उभा, डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि पलीकडे वावरिंका शांतपणे थांबून त्याला ते सगळं घेऊ देतोय. सामना वावरिंकाने जिंकला, पुढे स्पर्धाही. जिंकणाऱ्यासाठी उभं राहणारे प्रेक्षक मी पुष्कळ पाहिलेत. हरणाऱ्यासाठी, तो अजून हरायचा बाकी असताना, असं उभं राहिलेलं स्टेडियम माझ्या आठवणीत दुसरं नाही.

त्या प्रेमाबद्दल माझ्या मनात पुढे पुढे गुंता होत गेला. आपण त्याच्यावर प्रेम नक्की कशासाठी करत होतो? तो परत यायचा म्हणून. पण परत येण्यासाठी आधी जावं लागतं, आणि त्याचं जाणं म्हणजे प्रत्येक वेळी भूल, सुरी, टाके, महिनोन्महिने रबरी चेंडू दाबत बसणं. २०१७च्या यूएस ओपनला तापाने फणफणलेला असताना तो डॉमिनिक थीमसमोर पहिले दोन सेट १-६, २-६ असे हरला होता. दोन पॉइंटच्या मध्ये वाकून उभा राहायचा, वाटायचं आता हात वर करून सामना सोडेल. प्रेक्षकांनी सोडू दिला नाही. दोन मॅच पॉइंट (एक गुण गेला की सामना गेला, अशा वेळा) वाचवून तो पाच सेटमध्ये जिंकला, आणि पुढच्या फेरीत फेडररलाही हरवलं. मी त्या रात्री ओरडले होते. आज तो सामना पुन्हा लावला की माझं लक्ष फटक्यांपेक्षा त्याच्या चालण्याकडे जातं. दोन पॉइंटच्या मध्ये मान खाली घालून, पाय ओढत, पुढचा पॉइंट खेळणारच नाही अशा थाटात तो टॉवेलकडे जातो. त्याची ती लकबच होती, अगदी पहिल्यापासून. पण लकब कुठे संपत होती आणि दुखणं कुठे सुरू होत होतं, हे आम्हा बघणाऱ्यांना कधी कळलं असेल असं वाटत नाही. दर्दीपणा आणि क्रौर्य यांच्यात फार पातळ पडदा असतो की काय, असं कधीकधी मनात येतं. आणि तरीही, प्रेक्षक नसते तर त्याने त्या रात्री सामना सोडला असता, आणि ती रात्र त्याला स्वतःला किती प्रिय आहे हे त्यानेच वारंवार सांगितलंय. हे दोन्ही खरं आहे. मला त्यातलं एक निवडता येत नाही.

२०१६चा शेवट मात्र निखळ आनंदाचा. डेव्हिस कप ही देशांच्या संघांची स्पर्धा, तेव्हा एक लढत पाच सामन्यांची; ती अर्जेंटिनाने तोवर कधीच जिंकली नव्हती. १९८१, २००६, २००८, २०११, चार वेळा अंतिम फेरीत हरले होते, आणि शेवटच्या दोन पराभवांत डेल्पो स्वतः होता. २००८चा तर मार देल प्लातात, घरच्या प्रेक्षकांसमोर. त्या वर्षीची अंतिम लढत झाग्रेबमध्ये, क्रोएशियाच्या अंगणात. शेवटच्या दिवशी अर्जेंटिना १-२ने मागे आणि डेल्पो मारिन चिलिचसमोर दोन सेटने मागे. तिथून त्याने तीन सेट काढले. जवळपास पाच तास. २-२. पण करंडक अजून मिळालेला नव्हता, आणि आता खेळायचं होतं दुसऱ्याच कोणालातरी. फेडेरिको डेलबोनिस हा डावखुरा, शांत, मातीवर रमणारा खेळाडू इवो कार्लोविचच्या तोफखान्यासमोर उतरला आणि सरळ तीन सेटमध्ये जिंकून आला. डेल्पोचं नाव त्या विजयाशी कायमचं जोडलं गेलं. शेवटचा पॉइंट डेलबोनिसचा होता. हे नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे.

२०१८ सुरेख गेलं. इंडियन वेल्सच्या अंतिम सामन्यात फेडररचे तीन मॅच पॉइंट वाचवून पहिलं मास्टर्स (ग्रँड स्लॅमखालोखालच्या दर्जाच्या स्पर्धेचं) जेतेपद, ऑगस्टमध्ये क्रमवारीत तिसरा, सप्टेंबरमध्ये नऊ वर्षांनी पुन्हा यूएस ओपनची अंतिम फेरी. तिथे जोकोविचने सरळ सेटमध्ये हरवलं. डावा हातही परत आला होता. बॅकहँड पुन्हा दोन हातांनी जोरात लागत होता. ऑक्टोबरमध्ये शांघायला बोर्ना चोरिचविरुद्ध खेळताना तो पडला आणि उजव्या गुडघ्याची वाटी फुटली. जून २०१९ मध्ये लंडनच्या क्वीन्स क्लबवर डेनिस शापोवालोव्हविरुद्ध जाळीकडे धावताना गवतावर पाय घसरला आणि तीच वाटी पुन्हा फुटली. तो उठला, सामना पूर्ण केला, ७-५, ६-४ने जिंकला, आणि दुसऱ्या दिवशी स्पर्धेतून बाहेर पडला. व्यावसायिक कारकिर्दीतला तो त्याचा शेवटचा विजय. फुटक्या वाटीवर मिळवलेला.

मग शस्त्रक्रियांची रांग, आणि २०२१ च्या सुरुवातीला वडिलांचा मृत्यू. फेब्रुवारी २०२२ मध्ये ब्यूनोस आयरेसच्या स्पर्धेत तो एकदाच उतरला. हे पुनरागमनापेक्षा निरोपासारखंच जास्त आहे, असं त्याने आधीच रडत सांगितलं होतं. सोडत निघाली आणि पहिल्या फेरीत समोर आला डेलबोनिस. सोडत डोळे मिटून निघते, तिला झाग्रेब ठाऊक नसतं. ६-१, ६-३. शेवटचा गेम डेल्पोच्या सर्व्हिसवर होता आणि त्याला चेंडू उडवताना दिसत नव्हतं, इतकं रडू येत होतं. हरल्यावर त्याने डोक्याची पट्टी काढून जाळीवर अडकवली. लोकांनी त्याचं खूप छायाचित्रण केलं. मला मात्र डेलबोनिस आठवतो. ज्याच्यासोबत देशासाठी सगळ्यात मोठा करंडक उचलला त्याच्याविरुद्ध त्याने प्रत्येक पॉइंट प्रामाणिकपणे खेळला. हळू मारून त्याला सेट देणं सोपं होतं, आणि तो अपमान ठरला असता.

नोव्हेंबर २०२४ मध्ये डेल्पोचा एक व्हिडिओ आला. त्या सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी तो आणखी एका शस्त्रक्रियेसाठी स्वित्झर्लंडला निघाला होता, हे तेव्हा कळलं. एकतिसाव्या वर्षानंतर तो पुन्हा धावला नाही, जिना दुखल्याशिवाय चढता येत नाही, फुटबॉलला लाथ मारता येत नाही. काही डॉक्टर म्हणतात कृत्रिम गुडघा बसवून घे. काही म्हणतात तू फार तरुण आहेस, पन्नाशीपर्यंत थांब. खुर्चीत बसलेला, तसाच दणकट दिसणारा माणूस सपाट आवाजात हे सांगत होता, आणि मला सतत वाटत होतं की हा उठून उभा राहील तेव्हा काय होईल. आठवड्याभराने, १ डिसेंबरला, ब्यूनोस आयरेसमध्ये जोकोविच त्याच्याशी निरोपाचा प्रदर्शनीय सामना खेळायला आला. रिओत ज्याच्या खांद्यावर रडला होता त्याच्याकडे तो मुद्दाम एवढ्या लांब आला, याबद्दल जोकोविचविषयी मला कायमचा आदर वाटतो. निकालाला काही अर्थ नव्हता. डेल्पो जवळजवळ उभ्यानेच खेळला. फोरहँड मात्र तोच.

तो पन्नाशीपर्यंत थांबेल का, मला माहीत नाही. थांबू नये असं वाटतं. कृत्रिम गुडघ्याने तो स्पर्धा खेळणार नाही हे उघड आहे, आणि त्याची त्याला हावही नसावी. त्याचं मागणं फार छोटं आहे, एखाद्या सकाळी न दुखता चालायला बाहेर पडता यावं एवढंच. इतक्या वर्षांत आपण त्याला पुन्हा पुन्हा कोर्टवर बोलावलं. आता त्याने जिना चढावा म्हणून कोणी स्टेडियमभर उभं राहत नाही. राहायला हवं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

आणि कोणाला डेल्पो बघायचाच असेल, तर २००९चा अंतिम सामना लावू नका, तो सगळ्यांनी बघितलाय. सप्टेंबर २०१६मधली ग्लासगोची डेव्हिस कप उपांत्य लढत शोधा, मरेच्या घरात, मरेविरुद्ध, पाच तास सात मिनिटं. मरे कारकिर्दीत तोवर इतका वेळ कधीच खेळला नव्हता. घाई असेल तर थेट पाचव्या सेटवर जा. चेंडूकडे थोडा वेळ दुर्लक्ष करा आणि फक्त त्याच्या डाव्या हाताकडे बघा. रॅकेटचा गळा धरलेला, खांदा वळलेला, आणि मग बोटं सुटतात. पुन्हा. पुन्हा. मरे डाव्या कोपऱ्यात टाकतो, हा कापून परत देतो, आणि उजवी बाजू तशीच मोकळी सोडून उभा राहतो. मरेला सगळं माहीत असतं, महिन्याभरापूर्वी त्याने याच माणसाला याच कोपऱ्यात हरवलेलं असतं. तरी शेवटी कधीतरी त्याचा हात तिकडे वळतोच. पाचवा सेट ६-४, डेल पोत्रो.